गिअरबॉक्स उतरवण्याआधी: जुन्या छोट्या गाडीचा आवाज आणि ऑइल गळती कशी ओळखायची

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या सोसायटीतल्या एका काकांची जुनी मारुती ८०० घरघरायला लागली. चाळीसच्या पुढे गेलं की खालून घूंऽऽ असा आवाज, आणि वेग वाढेल तसा तो चढत जायचा. एका गॅरेजने दोन मिनिटं गाडी चालवून सांगितलं, "गिअरबॉक्स गेलाय, उतरवावा लागेल." काका पैशांची जुळवाजुळव करू लागले होते. रविवारी सकाळी सहाला आम्ही दोघं गाडी घेऊन पुण्याच्या सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे निघालो. सरळ, मोकळा पट्टा मिळाल्यावर मी त्यांना पन्नासच्या वेगात क्लच दाबून गाडी न्यूट्रलला घ्यायला सांगितली. इंजिन शांत झालं, गाडी आपल्या वेगाने पुढे जात राहिली आणि आवाज जसाच्या तसा. पुढे उजवीकडे लांब वळण आलं तेव्हा तो वाढला, डावीकडच्या वळणावर जवळजवळ बंद झाला. डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. गिअरबॉक्सचा एक बोल्टसुद्धा ढिला करावा लागला नाही.

ज्यांनी नुकतीच सेकंडहँड छोटी गाडी घेतली आहे, किंवा वडिलांची जुनी गाडी ज्यांच्याकडे आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी मेकॅनिक नाही. पण पंधरा वर्षं जुन्या गाड्याच चालवतोय आणि त्यांच्याखाली बराच वेळ घालवलाय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: आवाज कुठून येतो हे शोधायला जाऊ नका, तो कधी बदलतो ते बघा. छोट्या गाडीचा पत्रा पातळ असतो. चाकाचा आवाज गिअरच्या दांड्यापाशी ऐकू येतो आणि गिअरबॉक्सचा मागच्या सीटखाली. कान फसतात, पण पाय क्लचवर असताना काय होतं ते फसवत नाही.

आधी आत काय फिरतं ते समजून घ्या

८००, झेन, अल्टो, सँट्रो या सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि त्याच्या एका टोकाला गिअरबॉक्स. बॉनेट उघडून बघा. ज्या बाजूला पट्टे फिरताना दिसतात, त्याच्या विरुद्ध बाजूला गिअरबॉक्स असतो. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना फेरे वाटून देणारा भाग, तोही त्याच डब्यात, त्याच ऑइलमध्ये असतं. तिथून दोन एक्सल, म्हणजे दांडे, निघून पुढच्या दोन चाकांना जातात. ओम्नीची रचना वेगळी, ती मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे पुढचं सगळं तिला जसंच्या तसं लागू होणार नाही.

आता हे लक्षात ठेवा. इंजिन चालू आहे आणि क्लचवर पाय नाही, तर इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा, फिरतोय, मग गाडी उभी का असेना. क्लच पूर्ण दाबला की इनपुट शाफ्टचा इंजिनशी संबंध तुटतो आणि त्याच वेळी क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर भार येतो. आउटपुट शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर फेरे देणारा दांडा, आणि डिफरन्शियल मात्र चाकांना बांधलेले. चाकं फिरली की तेही फिरणार, इंजिन काहीही करत असो. खालच्या सगळ्या चाचण्या यावरच उभ्या आहेत.

पायरी १: उभ्या गाडीत ऐका

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल. इंजिन गरम होऊ द्या. एसी, पंखा, रेडिओ बंद करा. क्लचवरून पाय काढून ऐका, मग क्लच हळूहळू पूर्ण दाबा.

पाय काढल्यावर घरघर आणि दाबल्यावर ती गेली, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. रेस दिल्यावर घरघर चढत असेल तर संशय आणखी बळावतो. मात्र आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, हलकी खडखड येते आणि थोडी रेस दिल्यावर जाते, तर बऱ्याचदा तो गिअरच्या दातांमधल्या सैलपणाचा आवाज असतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात तो जास्त जाणवतो, कारण ते इंजिन मुळातच थोडं हादरत चालतं. त्यासाठी गिअरबॉक्स उघडायची घाई करू नका.

उलट झालं, म्हणजे पाय काढल्यावर शांत आणि दाबायला लागलं की कुईंऽ किंवा करकर, तर रिलीज बेअरिंग. ते क्लचचं काम आहे, गिअरबॉक्सचं नाही. गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतोच, पण उघडावा लागत नाही, आणि या दोन बिलांत खूप फरक असतो. गॅरेजमध्ये हा फरक शब्दांत विचारा: "उतरवून क्लच करायचा, की उघडून बेअरिंग बदलायचं?"

याच वेळी रिव्हर्सची चाचणी करून घ्या. क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. इतकं थांबूनही खर्र होत असेल तर क्लच नीट सुटत नाहीये. केबलवाल्या क्लचमध्ये आधी केबल बघा. पेडल बोटाने दाबून बघा, सुरुवातीला थोडं मोकळं हलायला हवं आणि ते किती, हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. नट फिरवून केबल जुळवली आणि खर्र गेली, असं मी तीन वेगवेगळ्या गाड्यांमध्ये पाहिलंय. न थांबता झटकन टाकला तरच रिव्हर्स कुरकुरत असेल, तर ते चालवण्याच्या सवयीवर आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर बसण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी रिंग, नसतो.

पायरी २: रस्त्यावर

ही चाचणी गर्दीत होत नाही. लक्ष्मी रस्त्यावर पहिला-दुसरा गिअर सोडून तुम्हाला काही ऐकू येणार नाही. सकाळी लवकर निघा. काचा खाली करा आणि शक्य असेल तर एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीला समांतर चालवा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि उघड्या रस्त्यावर जो कळत नाही तो स्पष्ट कळतो. खडकीच्या लष्करी भागात अशा भिंती भरपूर आहेत. शेजारी कुणाला तरी बसवा, म्हणजे तुम्ही रस्ता बघाल आणि ते ऐकतील.

प्रत्येक गिअरमध्ये थोडा वेळ राहा. आधी ॲक्सिलरेटर दाबून, मग पाय पूर्ण काढून. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्याच गिअरचे दात किंवा त्याचं बेअरिंग. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि पाय काढल्यावर दुसरा, म्हणजे भार बदलल्यावर आवाज बदलतो, तर तो गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियलच्या आतला. चाकाच्या बेअरिंगला ॲक्सिलरेटरशी काही देणंघेणं नसतं.

मग काकांच्या गाडीत केली ती चाचणी. सरळ, सपाट, रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या आसपास क्लच दाबा, न्यूट्रल करा, पाय सोडा. इंजिन बंद करू नका, नाहीतर ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. उतारावर हा प्रयोग अजिबात नको. चांदणी चौकातल्या किंवा कात्रज घाटातल्या उताराला गाडी गिअरमध्येच असू द्या. न्यूट्रलमध्ये आवाज वेगाबरोबर तसाच राहिला तर उरतात चाकाचं बेअरिंग, टायर आणि डिफरन्शियल.

त्यातून बेअरिंग वेगळं काढायला वळण बघा. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर जातं, म्हणून तेव्हा वाढणारा आवाज डाव्या बाजूचा. टायर वेगळा काढायला पुढचे टायर मागे टाका. आवाजही मागे गेला तर टायरच. तरीही शंका असेल तर गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. चांगलं बेअरिंग असेल तर हाताला काहीच लागत नाही. गेलेलं असेल तर स्प्रिंगमधून बारीक खरखर बोटांना कळते, जणू आत वाळू फिरतेय. ती एकदा अनुभवली की विसरत नाही.

स्टिअरिंग पूर्ण वळवून सोसायटीच्या पार्किंगमध्ये हळू गोल मारा. टक-टक-टक आलं तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. खाली वाकून त्याचा रबरी बूट बघा. फाटला असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसेल. लोक त्यालाही गिअरबॉक्सचं ऑइल समजतात. आवाज सुरू व्हायच्या आधी बूट बदलला तर जॉइंट वाचतो.

गिअर टाकताना खर्र होणं हे आणखी वेगळं. फक्त दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला आणि तेही खाली उतरताना, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली. सगळ्याच गिअरना, तर परत क्लचकडे या. गिअर आपोआप निसटत असेल तर आतला गिअर सरकवणारा फोर्क किंवा स्प्रिंग असू शकते. पण आधी इंजिनच्या माउंटिंग बघा, ज्यांना आपल्याकडे बरेच फिटर फाउंडेशन म्हणतात. रबर फाटलं की भार आल्यावर सगळं इंजिन डुलतं आणि गिअर ओढला जातो.

पायरी ३: ऑइलची पातळी, जी कुणीच बघत नाही

इंजिन ऑइलला दांडी असते, म्हणून ते आपण बघतो. या छोट्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला बहुतेक दांडी नसते, म्हणून वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. सीलमधून, म्हणजे दांड्याभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगेतून, महिन्याला चमचाभर जरी गेलं तरी काही वर्षांत डबा अर्धा होतो, मग बेअरिंग कोरडी पडून ओरडायला लागतात. सगळ्या गिअरमध्ये हलकी घूं-घूं असेल तर मी आधी पातळीच बघतो.

गाडी सपाट हवी, इंजिन गार हवं. गिअरबॉक्सच्या बाजूला मधल्या उंचीवर एक प्लग असतो, तोच भरायचा आणि तोच पातळीचा. सगळ्यात खाली असतो तो ऑइल काढून टाकायचा. नवख्यांनी हा नियम पाठ करून ठेवावा: आधी वरचा प्लग खोलून बघा, मगच खालच्याला हात लावा. वरचा गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालून ऑइल काढून टाकलं असेल, तर ती गाडी भरताही येत नाही आणि चालवताही येत नाही.

गाडीखाली जायचं असेल तर फक्त जॅकच्या भरवशावर जाऊ नका. स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड किंवा ओंडका लावा. पातळी अचूक बघायची तर चारही चाकं एका पातळीत हवीत, म्हणून हे काम गॅरेजच्या लिफ्टवर किंवा खड्ड्यावर उभं राहून करवून घेतलं तर उत्तम. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा आणि स्वतःचं बोट घाला.

वरचा प्लग काढल्यावर करंगळी आत घालून खाली वाकवा. ऑइल भोकाच्या काठाला लागलं पाहिजे. बोटाला लागलेलं ऑइल उन्हात धरून बघा. मधासारखं किंवा तपकिरी, वास गंधकासारखा उग्र, तर ठीक. दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. पावसात तुंबलेल्या भुयारी मार्गातून गाडी नेली असेल तर हे होतं. गिअरबॉक्सच्या वरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या छोट्या नळीतून, पाणी शिरतं. अशी गाडी चालवत राहू नका, ऑइल लगेच बदला, आणि थोडे दिवस चालवून पुन्हा एकदा बदला.

ऑइल काढलं तर ते स्वच्छ, पांढऱ्या भांड्यात घ्या. प्लगवर किंवा लोहचुंबकावर राखाडी, मऊ लगदा दिसणं वाईट नाही, ती रोजची झीज. पितळेसारखी सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो रिंग झिजताहेत. नखाला टोचतील असे तुकडे किंवा दाताचा कोपरा सापडला, तर मात्र गिअरबॉक्स उघडावाच लागेल, तिथे घासाघीस नको.

नवीन ऑइल पुस्तकात सांगितलं असेल तेच. अशा गाड्यांना साधारणपणे ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० (जाडी), जीएल-४ (दर्जाची श्रेणी) लागतं. दुकानात जीएल-५ पुढे केलं आणि "हे भारीतलं आहे" म्हणाले तरी घेऊ नका. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते. काही ऑइलमध्ये ती पितळी रिंगांना खाते, आणि ऑइल जास्त निसरडं असल्यामुळे सिंक्रोची पकडही बिघडते. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत दोन्ही मिळतात, डब्यावरचं नीट वाचून घ्या.

पायरी ४: गळती शोधायची

इथे माझा स्वतःचा भुर्दंड सांगतो. माझ्या अल्टोखाली इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी थेंब पडायचा. एका गॅरेजने सांगितलं की क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरला, सील बदललं, मोठं बिल झालं. आठव्या दिवशी फरशीवर पुन्हा तोच डाग. मग मी टॉर्च घेऊन वरून बघत गेलो. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या अगदी वरच्या झाकणाच्या, पॅकिंगचा एक कोपरा ओला होता. तिथून ऑइल इंजिनच्या हेडच्या (वरच्या भागाच्या) मागून ओघळत, गिअरबॉक्सच्या घराला वळसा घालत जोडाशी येऊन टपकत होतं. हातभर लांबीचं पॅकिंग, अर्ध्या तासाचं काम.

म्हणून थेंब जिथे पडतो तिथे गळती आहे असं समजू नका. ऑइल खाली वाहतं, आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो. ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची असते.

करायचं असं. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरा आणि कडेला पुढच्या चाकांच्या जागी खुणा करा. सकाळी डाग कुठे आहे ते दिसेल. मग बोटाने तपासा. काळं, जुन्या तळणाच्या तेलासारखं पातळ, तर इंजिन ऑइल. तपकिरी, चिकट, गंधकाचा वास, तर गिअर ऑइल. हिरवं किंवा गुलाबी आणि पाण्यासारखं पातळ, तर कूलंट. लालसर आणि पातळ, तर पॉवर स्टिअरिंगचं असू शकतं. नुसतं स्वच्छ पाणी एसीचं असतं, ते सोडून द्या.

मग वॉशिंग सेंटरला इंजिनखालची बाजू धुऊन घ्या. वायरिंगवर आणि अल्टरनेटरवर जोराचं पाणी मारू देऊ नका. सगळं कोरडं झालं की संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा. पंधरा-वीस किलोमीटर चालवून या आणि लगेच टॉर्चने बघा. जिथून सुरुवात होते तिथे पावडरीवर गडद रेघ उमटलेली असते. बाळाच्या पावडरीच्या डब्याने हे काम होतं. वर्षानुवर्षांच्या चिखलात ही रेघ दिसत नाही, म्हणून धुणं टाळू नका.

गिअर ऑइल असेल तर बहुतेक या जागा: एक्सल जिथे आत जातो तिथलं सील, खालच्या प्लगचं वॉशर, गिअरच्या दांड्याचं सील, स्पीडोमीटर केबलची ओ-रिंग (गोल रबरी रिंग) आणि बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घराच्या, तळाशी इनपुट शाफ्टचं सील. पहिली चार कामं गिअरबॉक्स न उतरवता होतात. पाचव्याला उतरवावाच लागतो. जोडापाशी काळं इंजिन ऑइल असेल तर वर सांगितलेलं टॅपेट कव्हर बघा. कार्बोरेटरच्या जुन्या ८०० मध्ये त्याच बाजूला असलेली डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाची) ओ-रिंगही बघा, आणि मगच क्रँकच्या सीलवर या.

दोन सील एकाच वेळी गळायला लागली तर ती बदलण्याआधी ब्रीदर बघा. गिअरबॉक्सच्या वर छोटी टोपी किंवा नळी असते. ती चिखलाने बुजली की गरम झाल्यावर आतला दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकललं जातं. नवी सीलही आठवडाभरात रडतात. ब्रीदर फुंकून साफ करायला पाच मिनिटं लागतात.

एक्सलचं सील बदलताना एक्सल हाताने वरखाली हलवून बघायला सांगा, आणि जिथे सील बसतं तिथे नखाने चाचपून बघा. खाच लागली असेल किंवा एक्सल खूप डुलत असेल तर नवं सीलही टिकणार नाही. सील बसवताना त्याच्या ओठाला थोडं ऑइल लावतात आणि स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे ठेवतात. ही गोष्ट फिटरला माहीत असते, पण घाईत सील कोरडंच ठोकलेलंही मी बघितलंय.

चढावर इंजिनचे फेरे वाढतात, गाडी मात्र वाढत नाही आणि जळका वास येतो, आणि जोडापाशी ओलही आहे, तर क्लच प्लेटवर ऑइल पोचलंय. अशा गाडीने घाटात जाऊ नका.

पायरी ५: गॅरेजमध्ये काय सांगायचं

"गिअरबॉक्स आवाज करतोय" एवढंच म्हणालात तर समोरचा माणूस गिअरबॉक्सच उघडणार. कागदावर लिहून न्या: "न्यूट्रलमध्ये घरघर, क्लच दाबला की बंद. पातळी बरोबर. गळती डाव्या एक्सलपाशी, गिअर ऑइल." चांगला मेकॅनिक हे वाचून खूश होतो, कारण त्याचा अर्धा तास वाचतो. ट्रायल मारायला स्वतः शेजारी बसा.

गिअरबॉक्स उतरणारच असेल तर एका मजुरीत जे जे होतं ते करून घ्या: क्रँकचं मागचं सील, इनपुट शाफ्टचं सील, रिलीज बेअरिंग. क्लच प्लेट स्वतः बघा, रिव्हेटपर्यंत झिजली असेल तर तीही. ही सगळी सामग्री मजुरीच्या मानाने स्वस्त असते. उतरवलेले जुने भाग परत मागा आणि पिशवीत घालून घरी आणा.

जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजलाच द्या, त्यांच्याकडून ते गोळा करणारे नेतात. पार्किंगच्या जाळीत ओतलं तर आमच्या भागात ते आंबील ओढ्यातून थेट मुठेत जातं.

गाडी घरी आली की त्याच रात्री पुन्हा पुठ्ठा पसरा, कोपऱ्यात तारीख टाका. आठवडाभर रोज सकाळी बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत कामाच्या वेळी सांडलेलं थोडं ठिबकेल, ते चालतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर पुठ्ठा कोरडा राहिला पाहिजे. नाही राहिला तर तो तारखेसकट गॅरेजमध्ये घेऊन जा. काकांचा पुठ्ठा अजून आमच्या पार्किंगच्या भिंतीला टेकवलेला आहे, पुढच्या बाजूला खडूने चाकांच्या खुणा आहेत, आणि सोसायटीत कुणाची गाडी ठिबकायला लागली की तोच वापरतात.